टीव्हीचा प्लग मी काढला

शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या सुनेनं माझा चार्जर बोर्डातून उपटला. दोन बोटांत धरला, आणि माझ्या पलंगाला आपला पदर लागणार नाही अशी लांब उभी राहून वरून माझ्या पोटावर सोडला. मोबाईलसकट. मग बाटलीतलं सॅनिटायझर घेऊन हात चोळले.

"आमच्या सासूबाईंचा टॅब लावायचाय," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही. भिंतीकडं बघून.

मला बोलता येतच नव्हतं. चाकणला कंपनीत कंत्राटावर कामाला होते. शिफ्टला जाताना कंपनीच्या बसनं करकचून ब्रेक मारला, आणि पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर माझं तोंड आपटलं. जबडा मोडला. पायही मोडला. हॉस्पिटलात आणलं तेव्हा डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. नळीनं पातळ प्यायचं, नाकानं श्वास घ्यायचा. उजव्या हातात सलाईन. डाव्या अंगठ्यानं मोबाईलवर टाइप करून दाखवायचे, तेवढंच माझं बोलणं. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं मला बोर्डाजवळचा पलंग दिला होता. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हिचा मोबाईल बंद पडू देऊ नका, तेच हिचं तोंड आहे.

आमचा वॉर्ड सरकारी योजनेतल्या बायकांचा. भिंतीवर टीव्ही होता, पण बंद. एका म्हातारीनं एकदा लावायला सांगितलं तर वॉर्डबॉय म्हणाला, फुकटात ऑपरेशन झालं ते बघा, अजून काय पाहिजे. दिवसभर आम्ही त्या काळ्या काचेत आपापले पलंग बघायचो.

मग चऱ्होलीची ही बाई आली. पित्ताशयाचे खडे काढायला. जमिनी विकून मोठी झालेली माणसं. तिचा मुलगा कंपन्यांना, आमच्याही कंपनीला, कामगार पुरवायचा. स्पेशल रूम एकही रिकामी नव्हती, म्हणून दोन दिवसांसाठी तिला माझ्या शेजारी ठेवलं. त्याच दिवशी टीव्ही लागला. रिमोट तिच्या उशाशी. आमच्यापाशी भेटीची वेळ सोडून कुणाला थांबू देत नव्हते. तिच्यापाशी सून होती, नणंद होती, अजून कोण कोण होतं.

औषध द्यायला सिस्टरनं माझं पूर्ण नाव वाचलं. बाईनं आडनाव ऐकलं. मान वळवून मला खालीवर न्याहाळलं.

"हिला काय न्हाई त्रास व्हायचा," ती सुनेला म्हणाली. "गप ऱ्हायाची सवय हाय ह्यांच्यात. पिढ्यान्‌पिढ्याची."

दोघी हसल्या. पलीकडच्या पलंगावरची बाईही थोडी हसली. ती आमच्यातलीच होती. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर चार्जर गेला. मोबाईल आधीच संपत आला होता, थोड्या वेळात बंद पडला. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेली होती. बोर्डाला दोनच जागा. एकीत टीव्ही, दुसरीत टॅब. टॅबवर बाईचा नातू कार्टून बघत होता. बाई टीव्हीवर सिरियल बघत होती. दोन्हींचा आवाज मोठा.

संध्याकाळचं पातळ जेवण पोटात गेलं आणि मला मळमळायला लागलं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उलटी आली तर तोंड उघडणार नाही, ती आतच अडकेल, श्वास बंद होईल. तार कापायची पक्कड माझ्या उशाशी टांगून ठेवली होती. मळमळलं की लगेच सांगायचं, म्हणाले होते.

सांगायचं कशानं?

माझ्या पलंगाची बेल पहिल्यापासून बंद. मी टाळ्या वाजवल्या. कॉट ठोकली. सुनेनं बघितलं. मी घसा दाखवला, पक्कड दाखवली, दाराकडं हात केला. तिनं मोबाईल काढला. मला वाटलं कुणाला तरी बोलावतेय. ती माझा व्हिडिओ काढत होती. "बघा, कशी करतीय," म्हणत होती. मी ज्या हातानं मदत मागत होते, त्या हाताची ती नक्कल करत होती. सासू म्हणाली, "नाटकं हायेत. टीव्ही दिसू दे मला."

घशाशी आंबट आलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि त्या क्षणाला मला भीती नाही वाटली. खरं सांगते, लाज वाटली. आपण ह्यांच्याकडं मागतोय ह्याची.

मी हात लांब केला आणि टीव्हीचा प्लग ओढून काढला.

आवाज थांबला. सिरियल अर्ध्यात तुटली. बाईनं शिवी दिली, आणि त्या शांततेत माझी कॉट ठोकल्याचा आवाज बाहेर गेला. सिस्टर पळत आली. मला कुशीवर वळवून तारा कापल्या. सगळं बाहेर आलं. चादरीवर, तिच्या हातांवर. दुखण्यानं डोकं फुटायची वेळ आली, पण श्वास आला. तारा परत बांधाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी हॉस्पिटलचे व्यवस्थापक आले. बरोबर बाईचा मुलगा. व्हिडिओचं कुणी विचारलं नाही. चार्जरचं नाही. विचारलं ते टीव्हीचं. पेशंटनं हॉस्पिटलच्या वस्तूला हात का लावला? माझा मोबाईल काउंटरला जमा करून घेतला. नियम म्हणाले. शेजारचा टॅब तसाच चालू होता.

"बाईंची माफी माग आणि विषय संपव," व्यवस्थापक म्हणाले. "बोलता येत नाही, पण हात तर जोडता येतात ना?"

माझी आई पायाशी उभी होती. ती चिंचवडला सोसायट्यांचे जिने झाडते. तिनं माझी वाट बघितली नाही. स्वतःचेच हात जोडले. "चुकलं लेकराचं," म्हणाली. "लहान हाय अजून."

बाईनं मान हलवली. माफ केल्यासारखी.

मी उठून बसले. सलाईनची सुई ओढली गेली, रक्त आलं. आईचे हात धरले आणि ओढून वेगळे केले. ती परत जोडायला गेली. मी परत सोडवले. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली, इतकी घट्ट धरली होती. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तिला मारलंय.

त्या दिवशी ती माझ्यावर रागावून घरी गेली.

लवकरच मला डिस्चार्ज मिळाला. कंपनीत कामावर घेतलं नाही. तो व्हिडिओ चऱ्होलीत ह्या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरला, आमच्या वस्तीतही आला. पोरं माझ्यासारखे हात करून दाखवायची. मी तो जपून ठेवलाय. तारा निघाल्या त्याच आठवड्यात पोलीस चौकीत गेले. तक्रार घेत नव्हते. बसून राहिले. घेतली शेवटी तक्रार. बाईविरुद्ध, सुनेविरुद्ध आणि व्यवस्थापकाविरुद्धही.

आता मिटवायला माणसं येतात. बाईच्या मुलाला सांगून तुला परत कामावर लावतो म्हणतात. आई म्हणते, घे मागं, आपल्याला इथंच राहायचंय.

इथंच राहायचंय, म्हणूनच घेणार नाही. जबडा अजून पुरता उघडत नाही, बोलताना कानापर्यंत कळ जाते. कोर्टात तारीख लागली की मी जाणार. सुनेचं नाव घेणार, सासूचं घेणार, त्या व्यवस्थापक साहेबाचं घेणार. त्यांच्या तोंडावर. एकही शब्द गिळणार नाही.