नळीकाकांचं ‘हौदु’

नळीकाकांना प्यायला पाणी द्यायची बायकांना धास्ती वाटायची. ते निम्मा पेला पीत आणि उरलेल्यातलं थोडं पाणी, घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत, पुसून लख्ख केलेल्या फरशीवर ओतत. मग खुर्चीतून पुढं वाकून ते कुणीकडं जातंय ते बघत बसत. “मोरीकडं जायला पाहिजे होतं. हे तर देवघराकडं चाललं. मेस्त्री कोण होता?” म्हैसूरला आमच्या कुवेंपुनगरातल्या भाड्याच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा शेजारणीनं आधीच सावध केलेलं असल्यामुळं मी फडकं हातात घेऊनच उभी होते.

त्यांचं आडनाव राव. पण अख्ख्या मराठी मंडळात त्यांना नळीकाका म्हणत, कारण खांद्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं अडकवल्याशिवाय ते कुठल्याही बांधकामावर जात नसत. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेला होता. नळीत पाणी भरायचं, दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ टाकायची, एक टोक इथं धरायचं, दुसरं तिथं. दोन्हीकडं पाणी जिथं थांबेल, ती सपाटी. “आता लेसरची मशीन मिळते काका,” असं माझा नवरा सुधीर एकदा म्हणाला. “मशीन बिघडते सार,” काका म्हणाले. “नीरु सुळ्ळु हेळल्ल. पाणी खोटं बोलत नाही.”

त्यांचे पूर्वज म्हैसूरला कधी आणि कशाला आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी टिकली होती, पण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठं कन्नडमध्ये जाऊन पोचेल याचा नेम नसायचा. आम्ही मूळचे कराडचे. पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाही, आणि मीही अशी आगाऊ की न कळलेल्यालाही मान डोलवायची. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘हौदु’. कन्नडमध्ये हौदु म्हणजे हो. तुम्ही काहीही बोला, काका आधी “हौदु, हौदु” म्हणत आणि मग तुमचं म्हणणं मुळापासून खोडून काढत.

आम्ही बोगादीला जागा घेतली ती स्वस्त मिळाली म्हणून, आणि स्वस्त का मिळाली ते पहिल्या पावसाळ्यात कळलं. तीस बाय पन्नासचा तुकडा रस्त्यापासून मागं उतरत जात होता, तो थेट पुरुषभर खोल. आमच्या तरुण इंजिनिअरनं सांगितलं, मागं दगडी भिंत घाला, टिपरनं माती आणून सगळं भरून घ्या, वर दोन फुटांचं जोतं, मग घर. नाहीतर उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खोल्या. पहिल्या योजनेत आमचं निम्मं कर्ज जमिनीत गाडलं जाणार होतं. दुसरी परवडणारी होती, पण तिच्या आड माझी आई येत होती.

वडील गेल्यावर आई आमच्याकडं आली ती ‘चार महिने’ म्हणून. दोन्ही गुडघे गेलेले. कराडला दादाकडं तिची खोली होती, पण दादा-वहिनी दिवसभर नोकरीवर, ती एकटी. तिनं माझ्याकडं राहावं असं मला फार वाटत होतं, अगदी पोटातून. पण लेकीच्या घरी कायमचं राहायचं हे तिच्या मनाला पटत नव्हतं, आणि तसं तोंडावर म्हणवतही नव्हतं. म्हणून ती सबबी शोधायची. नकाशा दाखवला की चष्मा लावून आधी पायऱ्या मोजायची आणि समाधानानं म्हणायची, “सात. मग मी आपली कराडला बरी.”

काकांना हे बोलून दाखवलं तर “हौदु, हौदु” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नळी घेऊन बोगादीला हजर. नळीचं एक टोक मला धरायला लावलं, दुसरं घेऊन स्वतः लुंगी वर खोचून उतारावर उतरले. दुपारभर आम्ही दोघं नळीच्या दोन टोकांना. मग एका वहीच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, रस्त्याच्या बरोबरीनं. “सुम्मने, उगीच माती कशाला विकत घेता? हे नोडी, बघा. घर या रेघेवर. पुढचा भाग जमिनीवर बसला. मागच्या भागाच्या पोटात आणखी एक खोली मिळते, तिला मागून उजेड. तिथली माती खणायची, पुढं कमी पडते तिथं टाकायची. इथली माती इथंच जिरली. खालच्या खोलीला आत्ता नुसत्या भिंती, गिलावा पुढं कधीतरी. अष्टे, एवढंच.” आणि पेन्सिलीचं टोक पुढच्या खोलीवर टेकवून म्हणाले, “ही अम्मांची. रस्ता ते खाट, पायरी नाही.”

इंजिनिअरला हे पटलं, पण त्यानं एक रास्त शंका काढली. घर रस्त्याच्या पातळीवर आलं तर रस्त्याचं पावसाचं पाणी सरळ आत येणार. जोतं उचलायलाच हवं, आणि जोतं आलं की पायऱ्या आल्या. काका चार संध्याकाळ आमच्याकडं येऊन कॉफी पीत आणि कागदाकडं बघत बसले. आई समोर शेंगा सोलत असायची. मला वाटतं, या चार दिवसांत ती जरा खुशीत होती.

चौथ्या दिवशी तिनंच विषय काढला. “काय हो काका, पाणी आत शिरणारच म्हणायचं?”

“हौदु अम्मा, हौदु,” काका कागदातून मान वर न काढता म्हणाले.

“हौद?” आई म्हणाली. “मग बांधा की हौद. आमच्या कराडच्या घराला होता. दारातच पाणी पकडायचं आणि न्यायचं त्यात. घरात कशाला येतंय?”

मी हसू दाबत तिला सांगायला निघाले, की अगं ते हो म्हणताहेत. काकांनी हात वर करून मला थांबवलं. पेन्सिल उचलली. फाटकाच्या आत आडवी चर, तिच्यावर लोखंडी जाळी, तिथून घराच्या कडेनं मागं पाइप आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक चौकोन. त्या चौकोनात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं : अम्मांचा हौद. “जमीन उतरतीच आहे. पाणी आपणहून जाईल, पंप बेडा, नकोच. अम्मा बरोबर म्हणाल्या सार. आम्ही चाळीस वर्षं फुकट सर्व्हिस केली.”

आईचा चेहरा असा फुलला की मी तो शब्द समजावायचं सोडूनच दिलं. आता मला पक्कं वाटतं, हौद त्यांना पहिल्याच दिवशी सुचला असणार. चाळीस वर्षं पाण्यामागं हिंडलेल्या माणसाला ते सुचू नये? ते वाट बघत होते, ती ही कल्पना तिच्या तोंडून निघायची. कारण त्या दिवसापासून आई ‘तुमचं घर’ म्हणायची ती ‘घर’ म्हणायला लागली, आणि हौदाच्या भिंतीला दोनदा प्लास्टर झालं की नाही याची फोनवर चौकशी करायला लागली.

सबबी मात्र संपल्या नव्हत्या. चौकटी बसायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, “उंबरा नाही? उंबऱ्याशिवाय घर म्हणजे गोदाम.” काकांनी काळ्या दगडाचा उंबरा आणवला आणि फरशीच्या पातळीत पुरून टाकला. दिसतो, पण लागत नाही. “लक्ष्मीचे पण गुडघे दुखत असतील की, अम्मा,” ते म्हणाले. फीचं विचारलं की उत्तर ठरलेलं : “मोदलु मने आगली.” आधी घर होऊ दे. घर झालं, तेव्हा आईच्या हातची पुरणपोळी मागून घेतली आणि बाकी काही घेतलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी आईनं त्यांना पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, “ओता.” त्यांनी पुढच्या खोलीत, तिच्या खाटेजवळ, थोडं पाणी ओतलं. जमलेली सगळी मंडळी खाली वाकून बघत होती. पाणी कुठंही गेलं नाही. तिथंच रुपयाएवढं होऊन राहिलं.

“मला कराडला जायला पाहिजे हो,” आई हळूच म्हणाली. “लेकीकडं किती दिवस राहायचं?”

“लेकाचं घर की लेकीचं, पाण्याला काय कळतं?” काका म्हणाले. “सपाट जागा मिळाली की ते थांबतं. तुम्ही पण स्वल्प थांबा.”

आई स्वल्प थांबली. दोन वर्षं झाली. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून ती हौदावर नजर ठेवून बसायची आणि दर रविवारी काका येऊन तिच्याकडून पाण्याचा अहवाल घ्यायचे.

मग तीन रविवार ते आले नाहीत. आम्ही कुवेंपुनगरात त्यांच्या घरी गेलो, पहिल्यांदाच. ते सारखे आमच्याकडं येत, म्हणून आम्हाला जायचं कधी सुचलंच नव्हतं. याची मला अजून लाज वाटते. भाड्याची वरच्या मजल्यावरची जागा, बाहेरून अरुंद जिना, बावीस पायऱ्या. आईला त्या चढणं शक्य नव्हतं, ती खाली फाटकाशी उभी राहिली. काका भिंत धरत कठड्याशी आले. पाय सुजले होते. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. दुसऱ्यांच्या आयांच्या पायऱ्या वाचवत हिंडलेला हा माणूस रोज बावीस चढत-उतरत होता, आणि आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

“सरगूरला चाललो अम्मा,” ते वरून म्हणाले.

“मुलीकडं?” आईनं खालून विचारलं.

“हौदु.”

दोघंही हसली. “तिच्या घराला एकच पायरी आहे,” काका म्हणाले. “ती मी फोडणार.”

आम्ही निघताना त्यांनी नळी माझ्या हातात दिली. पुढं दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. ती रडत रडत सांगत होती, की गेल्याच महिन्यात अप्पांनी दारातली पायरी फोडून तिथं उतार करून घेतला आणि त्यावरून चार वेळा आत-बाहेर करून बघितलं.

आई दिवसभर गॅलरीत बसून होती. संध्याकाळी दादाचा नेहमीसारखा फोन आला. तो म्हणाला, खोली रंगवून घेतलीय, न्यायला कधी येऊ? आई ‘बघू पुढं’ म्हणाली, तेव्हा त्यानं जरा दुखावल्या आवाजात विचारलं, “म्हणजे आता कायमची तिकडंच राहणार का तू?”

आईनं पदरानं डोळे पुसले. खाली हौदाकडं बघितलं.

“हौदु,” ती म्हणाली.

“हौद?” पलीकडून दादा विचारत होता. “कसला हौद?”