यहूदाचा झगा पांघरलेले त्रिभुवन सर

ज्या कृपेने मातीत श्वास फुंकला आणि त्या श्वासाला सूर दिला, ती कृपा लिहिणाऱ्या हातावर आणि वाचणाऱ्या डोळ्यांवर राहो. तिचे स्मरण करून, आमच्या हायस्कूलचे निवृत्त कलाशिक्षक श्री. बर्नाड त्रिभुवन यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे लिहीत आहे. प्रसंग आनंदाचा आहे. तरी मन हळहळते आहे, आणि ते लपवून केलेला गौरव सरांना रुचणार नाही.

सरांची पहिली भेट शाळेच्या फाटकाशी झाली. मी तेव्हा तेथे धर्मशिक्षण आणि संस्कृत शिकवीत असे. सोनईकडून आलेल्या एका टेम्पोच्या मागच्या भागातून एक सडपातळ तरुण उतरले. बाजाची पेटी त्यांनी लहान मूल घ्यावे तशी छातीशी धरली होती.

"गुरुजी, संगीताची खोली कुठंय?"

"संगीताची नाही. मोडकी बाकं ठेवायची एक आहे."

"चालंल की. बाकं बाहेर काढू, पेटी आत नेऊ."

ती बाकेही त्यांनी टाकली नाहीत. मुलांना हाताशी घेऊन ठोकून नीट केली, एकमेकांना दोरीने बांधली, आणि पुढे त्यांच्या सेवाकाळात आमच्या शाळेचा रंगमंच तोच राहिला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्यात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक मैदानावर करण्याची प्रथा सरांनी घातली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, पडदेही त्यांनीच रंगवलेले. भूमिका देताना ते कोणालाही वाचून दाखवायला सांगत नसत. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे राहून मुले मित्रांना हाक कशी मारतात, एवढेच ऐकत. बेलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या रफिकची हाक ऐकून त्यांनी त्याला प्रभूला शिक्षा सुनावणारा रोमी सुभेदार पिलात केले. त्याची आई आठवडाभर बाजारात सांगत होती, "आमचा रफिक गव्हर्नर झालाय, बरं का!" शेतकऱ्यांची धिप्पाड मुले रोमी शिपाई होत. धर्म विचारून भूमिका दिल्याचे मला एकदाही आठवत नाही.

पहिल्या वर्षी यहूदा, म्हणजे तीस नाण्यांसाठी प्रभूला धरून देणारा शिष्य, झाला तो फिलिप नावाचा विद्यार्थी. काम त्याने इतके चोख केले की दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याला कोणी फिलिप म्हणेना. आठवड्यात तो शाळेत यायचा बंद झाला. सर त्याच्या घरी गेले, मीही बरोबर होतो. त्याची आई दारातच बोलली, "सर, माज्या लेकाला समदी यहूदा म्हनत्यात. बाप्तिस्म्याला म्या ह्ये नाव ठिवलं हुतं का?"

सर उंबऱ्याशी टेकले. म्हणाले, "न्हाई, मावशी. पुढच्या सालापासून यहूदा मी. फिलिप पडदा ओढील. त्याला उद्या पाठवा."

मुख्याध्यापक फादरांना ही गोष्ट पसंत पडली नाही. शिक्षकाने असले सोंग घ्यावे का, असे त्यांनी विचारले. सरांचे उत्तर मला आजही तसेच्या तसे ऐकू येते: "फादर, मोठ्या माणसाला नाव चिकटलं तर धुता येतं. पोराच्या अंगात ते मुरतं."

त्यांना ते चिकटलेच. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्यांनी तो काळा झगा अंगावर घेतला, आणि भोवतालच्या गावांनी त्यांना कधी पुरते माफ केले नाही. बेलापूरच्या बाजारात पेरू विकणारे चाचा म्हणत, "सर, तीस रुपये किलो. तुमाला तर तीसची सवय हाय!" ईस्टरच्या सकाळी लाडू वाटणाऱ्या एक आजी त्यांच्यापाशी आल्या की ताट मागे घेत. "देवाला इकलं तुमी. तुमाला कशाचा लाडू?" सर हात पुढे करून म्हणत, "व्हय आजी, इकलं खरं. पन आज त्यो मेल्यातनं उठलाय न्हवं? आता तरी द्या." सगळे हसत, तेही हसत.

प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या प्रसंगानंतर यहूदाने पडद्याआड जायचे नाही, हा सरांचा दंडक होता. हाती कंदील घेऊन तो लोकांच्या गर्दीतून जाई; बायका पदर आवरून घेत. मैदानाला वळसा घालून सर मागच्या बाजूने पडद्याआड पोहोचत आणि वधस्तंभाच्या प्रसंगासाठी पेटीवर बसत. एका वर्षी मी त्यांना म्हणालो, "सर, आज शेवटचा देखावा अपूर्व झाला." त्यांनी विचारले, "समोरनं कसा दिसतो हो, गुरुजी?" मी वर्णन केले. ते पेटीवर हात ठेवून ऐकत राहिले. आपण उभे केलेले नाटक या गृहस्थांनी समोर बसून एकदाही पाहिलेले नाही, हे आम्हा कोणाच्याच ध्यानी आले नाही. झगा आणि पेटी घ्यायला दुसरे कोणी पुढे आले असते, तर ते बसले असते.

सर निवृत्त झाले आणि नाटक थांबले. आता संमेलनात ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात, मुले सुरेख नाचतात. त्यांना दोष कसा द्यावा? परंतु मुलाची हाक ऐकायला मैदानाच्या कडेला आता कोणी उभे नसते.

गेल्या महिन्यात आम्ही काही जण राहात्याला, सर लेकीकडे राहतात तेथे, गेलो. सत्काराच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी ते नाटक पुन्हा करावे आणि सरांनी पहिल्या रांगेत बसावे, असे ठरले होते. काचबिंदूने सरांची दृष्टी जवळजवळ नेली आहे. उजेड तेवढा कळतो. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "यहूदा कोण?"

यहूदा होणारा कोणी नव्हता. पिलात होऊ इच्छिणारे तिघे होते.

"मग झगा माझ्याकडंच हाय," सर म्हणाले. "हाताला धरून न्या, झालं."

तेव्हा दाराजवळ बसलेले फिलिप उठले. ते आता शुगर फॅक्टरीत फिटर आहेत, केस पांढरे झाले आहेत. "सर, झगा हिकडं द्या. माजं काम हाय ते. तुमी लई वर्सं केलं."

"आवं, नातवंडांना चिडवतील लोक."

"चिडवू द्या. त्यांना सांगंन, ह्ये नाव आमच्या सरांचं हाय." मग म्हणाले, "जाताना तुमच्या खुर्चीपाशी कंदील धरीन. तेवढा तरी दिसंल."

सरांनी लेकीला पेटाऱ्यातून झगा काढायला सांगितले. तो त्यांनी बोटांनी चाचपला, एक शिवण उसवली होती ती दाखवली, आणि फिलिपच्या हाती दिला. म्हणाले, "गर्दीत भरभर जाऊ नका. लोकांना तोंड बघू द्या."

आम्ही उशिरा जागे झालो. खुर्ची मांडली, तेव्हा डोळे मावळले होते. तरी त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत सर असतील, आणि एक कंदील त्यांच्यासमोर क्षणभर थांबेल, एवढे देवाने आमच्या हाती ठेवले आहे.

परमेश्वर सरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य देवो. त्यांच्या डोळ्यांत उरलेला उजेड राखो. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, ज्याने दुसऱ्याच्या वाट्याचे ओझे मुकाट्याने आपल्या अंगावर घेतले, तो मनुष्य वेळेवर ओळखू येवो, आणि त्याच्यासाठी पुढची जागा राखून ठेवण्याची बुद्धी होवो. प्रभूची शांती तुम्हां सर्वांच्या घरी नांदो. आमेन.