गच्चीवरची सरहद्द
सुक्या बोंबलाचा वास आला की मला मिरा रोडच्या आमच्या जुन्या सोसायटीची गच्ची आठवते. तिथे आईचे बोंबील आणि शेजारच्या गुजराती काकींचे पापड शेजारी शेजारी वाळायचे, त्यावरून रोज भांडण. शेवटी बाबांनी मधोमध खडूची रेघ ओढली आणि सांगितलं, "ही सरहद्द. आता कुणी कुणाच्या हद्दीत यायचं नाही." तासाभरात एका कावळ्याने आमचा बोंबील उचलला आणि थेट काकींच्या पापडांवर टाकला. "देखो, हमला!" काकी ओरडल्या. सेक्रेटरींनी तातडीची मीटिंग बोलावली, दोनदा चहा झाला आणि ठराव पास झाला: 'कमिटी तीव्र चिंता व्यक्त करते.' तोवर कावळा आणखी तीन बोंबील घेऊन गेला होता. आजही टीव्हीवर कुठली जागतिक परिषद तीव्र चिंता व्यक्त करायला लागली, की मी विचारतो, "कावळ्याला कळवलंत का?"