लग्नाला गेलेली बॅटरी

गावच्या दवाखान्यावर आता सोलर बसलं आहे. खाली एका खोलीत बॅटऱ्यांची रांग आहे. बहात्तरच्या दुष्काळात तिथं वीज नव्हती आणि बॅटरी एकच होती, ट्रकची. ती नगरहून चार्ज होऊन एसटीनं यायची. तिच्यावर एक बल्ब लागायचा, तोही फक्त बाळंतपणाला. मी तिथं आया होते.

त्या संध्याकाळी माझी धाकटी जाऊ बाळंत झाली. पोर रडलं, पण रक्त थांबेना. नर्सबाई कंदील जवळ धरून बघत होत्या. म्हणाल्या, "आत फाटलंय. कंदिलावर टाके घालता येत नाहीत मला. बॅटरी आण."

कोपऱ्यात बॅटरी नव्हती. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून मंगलाष्टका ऐकू आल्या. सरपंचांच्या पुतणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. लाउडस्पीकर कशावर चाललाय ते मला कळलं.

मांडवात बॅटरी बाकड्याखाली होती. मी वायरी उपटल्या. भटजींचा आवाज एकदम बारीक झाला.

"सूनबाई, डोकं फिरलं का?" सरपंच ओरडले. "दोनच अष्टका ऱ्हायल्यात."

"तवर माझी जाऊ जित्ती ऱ्हाती का, तेवढं सांगा."

नवऱ्याकडचा एक जण म्हणाला, "या गावात लगीन बी बायाच बंद पाडत्यात व्हय?" दोघं-तिघं हसले.

मी चुंबळ केली, बॅटरी हंड्यासारखी डोक्यावर घेतली आणि पळत सुटले. आम्ही सगळं तसंच वाहायचो. हिंदकळली की आतलं ॲसिड बाहेर येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मान चुरचुरायला लागली, ती घामानं असेल असं वाटलं.

बल्ब लागला, पण पिवळा. निम्मी बॅटरी लग्नानं खाल्ली होती. नर्सबाई टाके घालत होत्या, मी बल्ब धरला होता. पिवळ्याचा तांबडा झाला.

"हलू नको," त्या म्हणाल्या.

मी जावेच्या तोंडाकडे बघितलं नाही. बल्बमधली तार बघत राहिले. त्यांनी शेवटचा दोरा कापला, मग थोड्या वेळानं बल्ब विझला. रक्त थांबलं होतं.

सरपंच वरातीसाठी बॅटरी मागायला आले. संपली म्हटल्यावर परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ती कुलपात आणि किल्ली माझ्या कमरेला. मानेवरचा डाग अजून आहे.

परवा नवीन खोली दाखवायला जाऊच मला घेऊन गेली. मी डॉक्टरीणबाईंना पहिलं विचारलं, "किल्ली कोणाकडं असते?"