सतरा एकांचा आकडा

माझी आत्या कागदगिरणीच्या फाटकावर एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळत होती. रद्दीचा ट्रक आत येताना भरलेला तोलायचा, बाहेर जाताना रिकामा. दोन्ही वजनं झाली की वहीत दोन बरोबरच्या खुणा. ट्रकवाले तिला काटाबाई म्हणायचे आणि टरकून असायचे, कारण दुसरी खूण पडल्याशिवाय ती साहेबांच्या मेहुण्यालाही सोडत नसे.

एकदा पावतीचं यंत्र बिघडलं आणि नुसते एक छापत सुटलं. सलग सतरा एक! आत्याने ती पावती कापून केबिनच्या काचेवर चिकटवली आणि संध्याकाळी तिच्या दादाला, म्हणजे माझ्या बाबांना, विचारलं, "याला कशाने भाग जातो रे?"

बाबा शाळेत गणित शिकवायचे. म्हणाले, "फुटतो एवढं पुस्तकात वाचलंय. कुठे फुटतो ते मुद्दाम बघितलं नाही, तू शोध. एक गुपित सांगतो. याला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला चौतीसने भागलं की बाकी एक उरणार. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघू नकोस. आणि फुटला की आधी मला फोन कर. किती तुकडे झाले ते विचारेन."

झालं, बाईला वेडच लागलं. दोन ट्रकांच्या मधे एक भागाकार, आणि तोही दोनदा करायचा, काट्यासारखाच. अशी चोवीस वर्षं गेली. पंधरा हजार भागाकार झाले, वह्यांनी कपाट भरलं, पण बाकी शून्य काही येईना.

शनिवारी ती निवृत्त होणार होती. काटा आता संगणकावर जाणार होता. आठवडाभर तिचं तोंड उतरलेलं. "आकडा फोडल्याशिवाय खुर्ची सोडायची म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं गं," ती म्हणाली. मी मोबाइलकडे हात नेला तर खेकसली, "यंत्राला विचारलंस तर माझं घर तुला बंद!"

मी विचारलंच. घर नेहमीच बंद व्हायचं आणि जेवायच्या वेळेला उघडायचं. उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. तिथवर तर आत्या केव्हाच पोचली असणार, मग सुटलं कसं? शनिवारी सकाळी मी तिच्या केबिनमध्ये गेले आणि तिची नजर चुकवून वह्या उपसल्या. आठ वर्षांपूर्वीच्या वहीत तो आकडा सापडला. खाली अर्धा भागाकार, आणि खूण एकही नाही. पुढचं पान दोन आठवड्यांनंतरचं होतं, पुढच्या आकड्याने सुरू झालेलं.

मी तारीख वाचली. शाळेत वर्गावरच बाबा कोसळले आणि पुन्हा उठलेच नाहीत, तो दिवस. आत्याला फोन मीच केला होता.

मी वही तिच्यापुढे ठेवली. "आत्या, ही गाडी तोलायची राहिलीय."

तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यंत्राला विचारलंस ना?"

"हो."

"नालायक." चष्मा पुसत ती म्हणाली, "हे पान मी परत उघडलंच नाही. हिंमतच झाली नाही."

बाहेर ट्रक भोंगे वाजवत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काटाबाईने त्यांना ताटकळत ठेवलं. अर्धा भागाकार तिने पुरा केला. शेवटच्या ओळीत शून्य आलं. तिने एक खूण केली. पुन्हा पहिल्यापासून सगळा भागाकार केला. पुन्हा शून्य. दुसरी खूण पडली.

मला वाटलं आता नाचेल. ती फोन हातात घेऊन नुसती बसून राहिली. "आधी त्याला कळवायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "आता कुणाला करू?"

मी केबिनच्या बाहेर जाऊन ट्रकांच्या रांगेत उभी राहिले. काचेतून तिला दिसेल असा माझा फोन वर धरला. थोड्या वेळाने तो वाजला.

"फुटला रे," ती म्हणाली.

"किती तुकडे?" मी विचारलं.

"दोन," आत्या म्हणाली, आणि मग आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंना मनसोक्त रडलो.