हजेरीतली कोरी जागा

गुरुवार, ५ डिसेंबर १९९६. दुपारी साडेतीन. बडोद्यातल्या गोत्री भागातले आमचे राहते घर. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि एक बाई. बाईंचे नाव लिहायचे राहिले आहे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. तेवीस वर्षे मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केले. काय आले, काय गेले, काय शिल्लक आहे, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारखान्याचे मालक बदलले, आमची रजिस्टरे कॉम्प्युटरवर गेली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. पुरणपोळ्या करून द्यायचा धंदा सुरू केला आणि फाटकावर पाटी लावली. चार महिन्यांत आमच्याच मराठी ओळखीपाळखीत थोड्या पोळ्या गेल्या. संक्रांतीपर्यंत जम बसला नाही तर पाटी उतरवायची, असे मीच घरात सांगून ठेवले होते. रात्री मात्र वाटायचे, पाटी उतरवली तर मग मी कोण?

तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीत राहणाऱ्या एका गुजराती कुटुंबाची ऑर्डर आली. मुलीच्या साखरपुड्याला दीडशे पुरणपोळ्या, शुक्रवारी सकाळी दहाला पोचवायच्या. स्वयंपाक करणारे महाराज म्हणाले होते, पसंत पडल्या तर लग्नसराईभर पोळ्या तुमच्याकडूनच घेऊ. मी एकतीस कामांची यादी केली. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, "यात दत्तमहाराज कुठे आहेत?"

"आई, ही सामानाची यादी आहे."

"मग त्यांनाही सामानात धर."

त्यांचे मन राखायला मी बत्तिसावे काम लिहिले: दत्तमहाराजांना सांगणे. खरे सांगायचे तर नोकरी गेल्यापासून माझा देवावर राग नव्हता, पण भरवसाही राहिला नव्हता. गुरुवारी साडेतीनपर्यंत एकतीस कामांपैकी जी तोवर व्हायची होती त्यांच्यावर खुणा झाल्या. हरभऱ्याची डाळ भिजून टपोरी झाली होती. बत्तिसाव्यावर खूण करायची म्हणून देवघरासमोर उभी राहिले. भक्तिभाव वगैरे काही नव्हता. एवढेच म्हटले, "माझ्या डोक्यात आले तेवढे मी केले. सुटले असेल ते तुम्ही बघा."

खूण करत होते तोच दार वाजले. दारात पन्नाशीच्या एक गुजराती बाई, खांद्याला कापडी पिशवी. जवळच्या पादरा गावाहून बसने आल्या होत्या, भाचीचे घर शोधत चुकून आमच्या सोसायटीत शिरल्या होत्या. पाणी पिता पिता त्यांची नजर डाळीच्या पातेल्यांवर गेली. एवढी डाळ कशाला, म्हणून विचारले. मी अभिमानाने ऑर्डर सांगितली.

"मराठीना घेर?"

"ना, तमारावाळाना," मी म्हटले.

त्या हसल्या. "तो चणानी केम पलाळी, बेन? अमारे तो तूवेरनी होय."

हरभऱ्याची का भिजवली, त्यांच्याकडे पुरण तुरीच्या डाळीचे असते! जन्म बडोद्यात गेला. गुजराती शेजारणींच्या घरची पुरणपोळी किती वेळा खाल्ली असेल. ती वेगळी लागायची, पण तो मी त्यांच्या हाताचा गुण समजत होते. पुरण म्हणजे हरभऱ्याचेच, हे विचारायची गरजच मला वाटली नव्हती. आमचे हे धावत नाक्यावरच्या पीसीओवर गेले, हरणीला फोन करून आले आणि म्हणाले, "मुलीच्या आई म्हणतात, तूवेरनीच होय ने, एमां पूछवानुं शुं? विचारायचेच काय त्यात!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चला. आठवडाभर डाळीचे वडे खाऊ."

हे तूरडाळ घेऊन येईपर्यंत त्या बाई थांबल्या. पदर खोचून त्यांनी पुरण घाटून दाखवले. उलथणे मधोमध सरळ उभे राहीपर्यंत आच सोडायची नाही. पोळी आपल्यासारखी पातळ पसरायची नाही. लहान, जाड आणि तुपात निथळती. माझी पहिली पोळी बघून म्हणाल्या, "आ तो रूमाल थयो, बेन." दुसरी बरी झाली. तिसरी त्यांनी मोडून तोंडात टाकली, मान हलवली आणि भाची वाट बघत असेल म्हणून निघाल्या. मी त्यांचे प्रमाण वहीत उतरवून घेत होते. मान वर केली तेव्हा त्या फाटकाबाहेर पोचल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता रिकामे डबे परत आले. सोबत स्वयंपाकाच्या महाराजांचा निरोप होता, पुढच्या तीन लग्नांच्या तारखा लिहून घ्या. मी ओट्यापाशी पाटावर बसले आणि कितीतरी महिन्यांनी पाठ सैल सोडली. त्या संध्याकाळी आणि नंतरही आसपासच्या सोसायट्यांत मी चौकशी केली. पादऱ्याची मावशी किंवा आत्या आलेली कोणालाच ठाऊक नव्हती. सासूबाई म्हणत, गुरुवार होता, आणखी काय सांगायचे. मला तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. भाचीचे घर असेल कुठेतरी. मला इतकेच ठाऊक आहे, की माझ्या यादीत जे नव्हते तेच नेमके दाराशी आले.

आज सात वर्षे झाली. पाटी फाटकावर आहे. याद्या मी अजूनही करते, मन लावून करते, पण शेवटची ओळ कोरी सोडते. आपल्याला सुचत नाही ते लिहायची जागा आपली नसते, हे मला त्या दिवशी कळले आणि खांद्यावरचे ओझे उतरले.

दर वर्षी डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहिल्या घाण्यातल्या पाच पोळ्या डब्यात भरून मी पादऱ्याची बस धरते. बसस्टँडपासून बाजारापर्यंत त्या बाईंची चौकशी करत जाते आणि शेवटी देवळापाशी बसलेल्यांना पोळ्या वाटून परतते. आता तळ्याच्या पलीकडची आळी तेवढी शोधायची राहिली आहे. यंदा तिथे जायचे आहे, आणि नाव विचारून हजेरीत लिहायचे आहे.