मासे बघायचा मास्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

आखाती युद्ध चालू होतं तेव्हा मी जेद्दाला एसी मेकॅनिक होतो. युद्ध लांब, तिकडे पूर्वेला. आमच्या शराफिया भागात दुकानं उघडी होती, हॉटेलांत गर्दी होती. कंपनीच्या कामगार कॅम्पात सगळे मला दर्याचा माणूस समजत. रत्नागिरीचा म्हणजे पोहता येणारच, नाही का? मीही मान डोलवायचो. खरं सांगू? गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी उतरलोच नव्हतो.

आमच्याच कंपनीचा महादेव सरहद्दीजवळच्या हफ्र अल बातिनहून इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी आठवडाभर आला. कराडकडचा वेल्डर. तिकडे युद्ध जवळ, म्हणून सगळ्यांना गॅस मास्क दिले होते — सायरन वाजला की तोंडावर चढवायचा. आम्ही दोघांनी तो किती वेळा उलटापालटा करून पाहिला असेल! डोळ्यांपुढे केवढी मोठी काच, आणि तोंडाशी डब्यासारखा फिल्टर.

शुक्रवारी समुद्रावर गेलो. पाणी इतकं नितळ, की काठावरूनच निळे-पिवळे मासे दिसत होते. महादेवनं पिशवीतून मास्क काढला.

"भाई, तुम्ही दर्याकाठची माणसं. ह्यो घालून पाण्यात बघितलं तर चालंल का?"

मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणायचं कसं? आणि — हे लिहितानाही लाज वाटते — काय होतं ते मला बघायचंच होतं. स्वतःच्या तोंडावर न चढवता.

"जहरी वायू आत शिरत नाही, मग पाणी कुठून शिरणार?" मी म्हणालो.

तो छातीभर पाण्यात गेला आणि वाकला. पहिल्याच श्वासाला फिल्टरमधून पाणी आत आलं असणार. पट्टे घट्ट, ते त्याला सुटेनात. मी गुडघाभर पाण्यात उभा — एक पाऊलही पुढे टाकलं नाही. शेजारी गळ टाकून बसलेला एक सुदानी माणूस धावत शिरला, त्यानं मास्क ओढून काढला. महादेव खोकत काठावर आला आणि उलट मलाच म्हणाला, घाबरू नका.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो.

भिजलेला मास्क निकामी झाला. दुसऱ्या दिवशी महादेव नवा मागायला फोरमनकडे गेला, मलाही सोबत नेलं. फोरमन भडकला. जीव वाचवायची वस्तू, ती काय खेळणं आहे? पाण्यात न्यायला कुणी सांगितलं? महादेवनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "मी याला नको म्हणालो होतो."

महादेव एवढंच म्हणाला, "गलती मेरी है, साब."

नवा मास्क मिळाला नाही. इकामा झाला तसा तो परत गेला, मास्कशिवाय. मी खरं बोललो असतो तर मिळाला असता? बहुधा मिळाला असता. फोरमनचं माझ्यावाचून अडायचं, तो माझं ऐकायचा.

पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. सायरन झाला की बाकीचे मास्क चढवतात, मी ओला टॉवेल नाकातोंडावर बांधून कोपऱ्यात बसतो, असं लिहिलं होतं. रागाचा एक शब्द नाही. शेवटी विचारलं होतं, भाई, तुमची तब्येत कशी आहे.

मी उत्तर लिहिलं. तब्येत बरी आहे, म्हणून.